दोन रांगा आणि तिसरं प्रकरण

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो माझ्या सासऱ्यांचा. त्यांची सगळी नोकरी आलापल्लीला वनविभागाच्या आरागिरणीत गेली. शाळा चौथीपर्यंत झाली. आऱ्याच्या आवाजाने कान हळूहळू गेले आणि आता त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. गणितात पीएच.डी. झालेला माणूस ऋणाबद्दल बोलायला लागला की समोरचे आईवडिलांचं किंवा एखाद्या गुरुजींचं नाव येईल म्हणून थांबतात. त्यांचंही माझ्यावर पुष्कळ आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्या उन्हाळ्यात सगळं हातातून निसटत होतं, त्या उन्हाळ्यात मला धरून ठेवलं ते सासऱ्यांनी. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

माझं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूला. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बारावीपर्यंत सगळं मराठीतून झालं आणि चंद्रपूरला बी.एस्सी.ला आलो तेव्हा पुस्तकं एकदम इंग्रजी झाली. एखादं वाक्य कळलं नाही तर घरी विचारायला कोणी नव्हतं, आणि वर्गात विचारायची हिंमत नव्हती. मग मी एक सवय लावून घेतली. प्रत्येक प्रमेयासाठी गावातलं एक चित्र शोधायचं. चित्र सापडलं की प्रमेय आपलं झालं असं मला वाटे. या सवयीवर मी एम.एस्सी. झालो, तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवायला लागलो आणि पीएच.डी.ला नोंदणीही केली. आणि याच सवयीने मी एकदा तोंडावर आपटलो.

माझा विषय यादृच्छिक प्रक्रियांचं अभिसरण. नाव जड आहे, आतली गोष्ट तितकी जड नाही. काही राशी अशा असतात की त्या उद्या किती येतील हे कोणी सांगू शकत नाही; त्यांना यादृच्छिक म्हणतात. एकेकटी पाहिली तर ती राशी मनाला येईल तशी वागते. पण अशा पुष्कळ राशी एकत्र केल्या की त्यांच्या वागण्याला आकार येऊ लागतो. संख्या वाढत गेली की तो आकार कुठे जाऊन स्थिरावतो, हे शोधायचं. यालाच अभिसरण म्हणतात.

माझा प्रश्न मला पुस्तकात सापडला नव्हता, तो मी घरून आणला होता. उन्हाळ्यात आमच्याकडे तेंदूपत्ता तोडायला सगळं गाव जंगलात जातं. पानांचे पुडे बांधून ते गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, फडावर, द्यायचे. माझी आई पहाटे निघायची. आज किती पत्ता मिळेल हे तिला ठाऊक नसे. फड किती दिवस चालेल हेही कोणाला ठाऊक नसे, कारण आभाळ बिघडलं की तो बंद व्हायचा. म्हणजे रोजचा पत्ता अनिश्चित, दिवसांची संख्याही अनिश्चित, आणि हंगामाची बेरीज या दोन्हींवर अवलंबून. गणिताच्या भाषेत सांगायचं तर ज्या बेरजेतली पदंही यादृच्छिक आणि पदं किती हेही यादृच्छिक, अशी बेरीज. हंगाम लांब लांब होत गेला तर या बेरजेचा आकार कुठे जातो? माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे या प्रश्नाचं उत्तर होतं आणि सगळा प्रबंध त्या प्रकरणावर उभा होता.

उत्तर काढताना मी एक सुंदर प्रमेय वापरलं होतं. त्यासाठीही माझ्याकडे चित्र होतं. शाळेत प्रार्थनेला आम्ही उंचीप्रमाणे रांगेत उभे राहायचो. दरवर्षी जुनी मुलं जात, नवी येत. एखाद्या मुलाच्या मागे लागून पाहिलं तर काही हाती लागत नाही. तो यंदा पुढे असतो, पुढच्या वर्षी मागे जातो, नाहीतर शाळाच सोडतो. पण मुलाऐवजी जागा धरली तर? पाचव्या जागेवर यंदा जेवढ्या उंचीचं मूल आहे, साधारण तेवढ्याच उंचीचं मूल त्या जागेवर पुढच्या वर्षीही असतं. मुलं बदलतात, रांग स्थिर असते. प्रमेय हेच म्हणतं. राशींचा नुसता आकार स्थिरावतो आहे एवढं कळलं, की मूळ राशी बाजूला ठेवून तुम्ही त्यांच्या जागी हुबेहूब त्याच आकाराची प्रतिरूपं उभी करू शकता, आणि ती अशी उभी करू शकता की प्रत्येक जागेवर, नजरेसमोर, ती स्थिरावत जातात. मग काम सोपं होतं. ज्या गोष्टीला हात लावता येत नव्हता तिला हात लावता येतो. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी चंद्रपूरच्या खोलीतून उठून रामाळा तलावापर्यंत चालत गेलो होतो, कारण बसवत नव्हतं.

प्रबंध देण्याआधी गडचिरोलीला विद्यापीठात सगळ्यांसमोर त्याची मांडणी करावी लागते. बाहेरून एक प्राध्यापिका तज्ज्ञ म्हणून आल्या होत्या. मी तिसरं प्रकरण मोठ्या उत्साहाने सांगितलं. रोजच्या पत्त्याच्या बेरजेला प्रतिरूप दिलं. दिवसांच्या संख्येला प्रतिरूप दिलं. मग दोन्ही प्रतिरूपं एकत्र आणली आणि उत्तर काढलं. मॅडमनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं.

"तुमची ही दोन प्रतिरूपं एकमेकांना ओळखतात का?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं. शाळेत मुलांची रांग वेगळी असे आणि मुलींची वेगळी. दोन्ही उंचीप्रमाणे. मी मुलांच्या रांगेतला पाचवा उचलला, मुलींच्या रांगेतली पाचवी उचलली, आणि ते सख्खे भाऊबहीण आहेत असं धरून चाललो होतो. एकेक रांग बरोबर होती. दोन रांगांमधलं नातं मी हरवून टाकलं होतं. प्रमेयाने ते नातं टिकवण्याचं वचन कधी दिलंच नव्हतं.

आणि ज्या गोष्टीवरून मी हा प्रश्न उचलला तिथे तर ते नातं डोळ्यांसमोर होतं. ज्या ढगांमुळे आई कमी पत्ता घेऊन परत यायची, त्याच ढगांमुळे फड बंद व्हायचा. रोजचा पत्ता आणि दिवसांची संख्या या दोन गोष्टी कधीच एकमेकींना अनोळखी नव्हत्या. लहानपणापासून फडावर जाणाऱ्या पोराने हे विसरावं, हेच मला जास्त लागलं.

मार्गदर्शक सर बाहेर व्हरांड्यात आले. रागावले नाहीत. त्यांनी जे होतं ते सांगितलं: तिसऱ्या प्रकरणाशिवाय हा प्रबंध उभा राहणार नाही, माझी नोंदणी पावसाळा संपता संपता संपणार आहे, आणि एकदा मुदतवाढ घेऊन झाल्यामुळे दुसरी मिळणार नाही. नोंदणी गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझं वय आणि तासिकेची नोकरी पाहता पहिल्यापासून म्हणजे काय, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

उन्हाळ्यात कॉलेज बंद, म्हणजे तासही बंद. मी चंद्रपूरची खोली सोडली आणि पुस्तकांची पेटी घेऊन आलापल्लीला गेलो. माझी बायको तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. सासूबाई गेल्यापासून ती वडिलांजवळ राहते, आणि मी सुट्टी मिळेल तसा जात असे. या वेळी मात्र राहायलाच जात होतो.

आमच्याकडे जावई म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. तो आला की दारात पायांवर पाणी, बसायला चांगली खाट, पहिलं ताट त्याचं. त्याने उठून पाण्याचा गिलास घेतला तरी घरच्यांना वाईट वाटतं. शेजारपाजारचं एकेक घर त्याला चहाला बोलावतं आणि नाही म्हणता येत नाही. तो आहे तोवर घरात काहीतरी चांगलं शिजतं. सासऱ्यांनी यातलं काही कमी केलं नाही. ते स्वतः माझ्याजवळ बसून राहत, पाहुण्याला एकटं सोडायचं नाही म्हणून. मी पेटी उघडायचो आणि कोणीतरी जावयाला भेटायला यायचं. असे दिवस गेले आणि माझ्या हातून एक ओळ झाली नाही.

मग मुक्काम लांबला तसा लोकांचा सूर बदलला. नाक्यावरच्या पानठेल्यावर एकाने विचारलं, "जवाईबापू, मुक्काम वाढला का? का रेशनकार्डातच नाव टाकून राह्यले?" सगळे हसले, मीही हसलो. घरजावई हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण तो तिथे होता. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की मी चंद्रपूरला जातो, एखाद्या मित्राच्या खोलीवर राहीन. ती ड्यूटीवर निघाली होती. ती म्हणाली, बाबांना सांगून जा. मी सांगितलं नाही. तिने सांगितलं असावं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी मला उठवलं आणि माझ्या दोन्ही हातांत बादल्या दिल्या. मला काही कळेना. ते मला चौकातल्या हातपंपावर घेऊन गेले. सकाळची वेळ, सगळ्या गल्लीतल्या बाया पाण्याला उभ्या. ऐकू न येणारा माणूस मोठ्याने बोलतो, तसे ते नेहमी बोलत. त्या दिवशी जरा जास्तच मोठ्याने बोलले.

"पाहुणा चार दिसाचा राह्यते. तुमाले पावसाळाभर राहाचं आहे. आजपासून पाणी तुमच्याकडं, आंगण तुमच्याकडं. आन् मान बंद."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "भर बापू, भर. तुह्या सासऱ्यानं तुले फुकट नाई आणला." मी हातपंप मारला. सवय मोडली होती, निम्मं पाणी पायांवर गेलं. बादल्या घेऊन घरी येईपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांनी मला पाहून घेतलं होतं.

ही गोष्ट त्यांनी किती विचार करून केली होती हे मला पुढच्या काही दिवसांत समजलं. पाहुणा जास्त दिवस राहिला की लोक बोलतात. पाणी भरणाऱ्याला, अंगण झाडणाऱ्याला कोण काय बोलणार? तो घरचा माणूस झाला. चहाची बोलावणी बंद झाली, कारण घरच्या माणसाला कोणी चहाला बोलावत नाही. पानठेल्यावर एकदा टोमणा झाला, तो असा, "काय बापू, सासऱ्याच्या घरी भांडीही घासाले लागते का?" मी म्हणालो, लागतात. मला स्वतःलाही आत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. मान मिळत होता तोवर मी त्या घरात अवघडून बसलो होतो. काम मिळालं आणि मला बसायला जागा मिळाली.

जागाही त्यांनी दिली. आपली खाट त्यांनी ओसरीवर टाकली आणि आतली खोली मला दिली. स्वयंपाक तेच करत. भात आणि वरण, कधी भाजी, कधी बायको सुट्टीवर असली तर काही निराळं. पण त्यांची एक अट होती. रोज संध्याकाळी मी आज काय केलं ते त्यांना सांगायचं. बोलून उपयोग नव्हता, म्हणून बाजारातून त्यांनी एक पाटी आणली होती.

पहिल्या दिवशी मी पाटी दोन्ही बाजूंनी भरून दिली. रांगा, भाऊबहीण, फड, ढग, सगळं. ते अक्षर अक्षर लावत वाचत राहिले. मग मला म्हणाले, "तुमच्या शाळेत रांग लावणारा मास्तर झोपला होता का?" आणि हाताने सगळं पुसून टाकलं. एवढं नको, एका ओळीत लिहा, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून एक ओळ. "आज जुना पुरावा पुन्हा तपासला." "आज एक वाट सापडली असं वाटतं." "कालची वाट बंद आहे." आणि बहुतेक संध्याकाळी, "आज काही झालं नाही." ते ती वाचायचे, पाटी भिंतीला टेकवून ठेवायचे आणि भाताला आधण ठेवायला जायचे. धीर द्यायचे नाहीत, तोंड वाकडं करायचे नाहीत. मला वाटतं, धीर दिला असता तर मी दुसऱ्या दिवशी खोटं लिहिलं असतं.

पाऊस सुरू होऊन स्थिरावला होता, धानाची रोवणी चालू होती, आणि मी अजून तिथेच अडकलो होतो. अशात माझा मोठा भाऊ आला. तो घुग्घुसला कोळशाच्या कामावर आहे. रात्रपाळी करून मोटरसायकलने थेट आलापल्लीला आला होता, चिखलाने भरलेला. मी पाण्याची शेवटची खेप आणत होतो, तेव्हा चौकातच आमची गाठ पडली. म्हणजे मी त्याला नाही, त्याने मला पाहिलं. गाडी ढकलत तो माझ्यासोबत घरी आला.

चहा झाल्यावर तो बोलला. त्याच्या ओळखीने एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ऑफिसातली जागा होती. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या नोंदी करायच्या. पगार महिन्याच्या महिन्याला. सोमवारपासून यायचं होतं.

"मी तुले कमी नाई लेखून राह्यलो," तो म्हणाला. "पण मले सांग, हे तुहं कधी सरते? मॅडमनं एक बोट ठेवलं आन् तुहा बंगला पडला. आता सासऱ्याच्या घरी पाणी भरून राह्यला. माय विचारते का पोरगा काय करते, मी काय सांगू?"

त्याचं चुकत नव्हतं. बाबांच्या नंतर घर त्याने ओढलं आहे, माझी फी त्याने भरली आहे. मी दोन्ही गोष्टी मनात मांडून पाहिल्या. इथे एक प्रकरण, जे पूर्ण होईल असं मला त्या दिवशी तरी वाटत नव्हतं. तिथे सोमवारपासूनचं काम. मी हो म्हणायच्या बेताला आलो होतो. खरं तर मी "ठीक आहे" एवढं म्हणालोही होतो.

सासरे ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांना ऐकू काही आलं नव्हतं. त्यांनी भावाच्या हातात पाटी दिली आणि लिहा म्हणाले. भावाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: नोकरी आहे, सोमवारी न्यायला येतो. त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे न पाहता, भावाकडे पाहून ते बोलले.

"भाऊ, तुमचा भाऊ इथी बसून खाऊन नाई राह्यला. सकाळी पाणी भरते, आंगण झाडते, मंग खोलीत जाते. संध्याकाळी मले लिहून देते का आज काय केलं. अर्ध्याच्या वर दिवस लिहिते का काई झालं नाई. मी आरागिरणीत माणसं पाह्यली. रोज झालं झालं म्हणणारा खोटा राह्यते. हा खरा आहे. याले मी पावसाळा सरेपर्यंत सोडत नाई. मंग तुमी घेऊन जा, गाड्या मोजाले लावा, नाई तं खाणीत टाका."

भाऊ माझ्याकडे पाहायला लागला. मी खाली पाहिलं. मग भावाने पाटी पुसली आणि तिच्यावर लिहिलं: ठीक. त्याच्यापुढे त्याने आणखी काहीतरी लिहिलं आणि सासरे हसले. मी वाकून पाहिलं तर लिहिलं होतं, "पण पाणी सांडवते." दोघं मिळून माझ्यावर हसले. भाऊ जेवून गेला. जाताना मला म्हणाला, कंपनीत मी सांगतो का जागा दुसऱ्याले द्या. मोटरसायकलला किक मारेपर्यंत तो रागावलेलाच होता, पण त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसानंतर मला लगेच काही सुचलं असं झालं नाही. एवढंच झालं की मला परतीची वाट उरली नाही. मी पुन्हा सुरुवातीपासून बसलो.

दोन रांगा वेगळ्या लावणं हीच चूक होती, तर भावाबहिणीने हात धरूनच एका रांगेत उभं राहायला हवं होतं. पण मग रांग कोणाच्या उंचीने लावायची? भावाच्या लावली तर बहिणी मागेपुढे होतात. एका राशीसाठी जे इतकं सरळ होतं ते जोडीसाठी सरळ राहत नाही. प्रमेय जोडीलाही लागू होतं हे पुस्तकात होतंच. पण त्याआधी जोडीचा जोडी म्हणून आकार स्थिरावतो हे तुम्हाला दाखवावं लागतं. एकेकटे स्थिरावतात म्हणून जोडी स्थिरावत नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि तेच सिद्ध होत नव्हतं. कित्येक संध्याकाळी पाटीवर तीच ओळ.

शेवटी मी सगळं सिद्ध करण्याचा हट्ट सोडला. कुठल्या परिस्थितीत ते खरं आहे एवढंच शोधायचं ठरवलं. हंगाम किती लांबेल याचा अंदाज अगदी सुरुवातीच्या दिवसांतच बांधता येत असेल, अशी अट घातली. मग पुढची बेरीज इतकी लांब असते की ते सुरुवातीचे थोडे दिवस तिला जवळजवळ आठवतही नाहीत. तेव्हा जोडी स्थिरावते. हे सिद्ध झालं. मी ते तपासलं, पुन्हा तपासलं, सरांकडे पाठवलं, त्यांनी एका ठिकाणी खोट काढली, ती दुरुस्त केली. पोळ्याच्या सुमारास त्यांचा निरोप आला की आता ठीक आहे.

निष्कर्ष पूर्वीपेक्षा लहान झाला होता. आधी मी म्हणत होतो, सगळ्या हंगामांसाठी. आता म्हणत होतो, अमुक प्रकारच्या हंगामांसाठी. जो फड शेवटच्या दिवशी अचानक आलेल्या ढगांनी बंद होतो, तो माझ्या अटीत बसत नाही. म्हणजे माझ्या आईचा फड माझ्या प्रमेयाबाहेर राहिला. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण जे लिहिलं ते खरं होतं, आणि ते मी मुदतीच्या आत दिलं.

तोंडी परीक्षा पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर झाली. ती झाली त्या संध्याकाळी मी गडचिरोलीच्या बसस्टँडजवळ एका हॉटेलात बसून सासऱ्यांना पत्र लिहिलं. बायकोला फोनवर सांगितलंच होतं, ती त्यांना सांगणार होती. पण मला ते माझ्या हाताने सांगायचं होतं. ते पत्र मी इथे जसंच्या तसं देतो.

आदरणीय मामाजी,

सविनय जयभीम.

आज परीक्षा झाली आणि मी पास झालो. तुमच्या मुलीने सांगितलं असेल, तरी मी सांगतो आहे.

परीक्षा चांगली झाली. बाहेरून आलेल्या सरांनी सगळ्यात जास्त तिसऱ्या प्रकरणावरच विचारलं. ती अट का घातली, ती काढून टाकली तर काय होतं, असं. मी सांगितलं की ती काढली तर निष्कर्ष खोटा होतो, आणि खोटा होतो हे दाखवणारं उदाहरण मी प्रबंधात दिलं आहे. त्यांनी ते पान काढून पाहिलं आणि ते पुढच्या प्रकरणाकडे वळले. माझी मूळ चूक ज्यांनी दाखवली त्या मॅडमही ऐकायला आल्या होत्या. मी त्यांचे आभार मानले. त्या म्हणाल्या, चूक सगळ्यांची होते, पण तुम्ही प्रकरण गाळून टाकलं नाहीत हे चांगलं केलंत. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं.

प्रबंधाच्या सुरुवातीला ज्यांची मदत झाली त्यांचे आभार लिहायचे असतात. तिथे तुमचं नाव पहिलं आहे. कार्यालयातल्या बाबूने ते वाचून विचारलं, हे सर कोणत्या विभागाचे? मी म्हणालो, वनविभागाचे. त्याने मान हलवली.

नोकरीचं अजून काही नाही. जूनपासून पुन्हा तासच घ्यायचे आहेत, पण आता पक्क्या जागेसाठी अर्ज करता येईल आणि मी सगळीकडे करणार आहे. दादाला फोन केला. तो म्हणाला, मामाजीले सांग का मी येतो, आन् मटण मी आणतो.

जिथे माझी अट लागत नाही, त्या हंगामांवर मी काम सुरू केलं आहे. त्याला किती वर्षं लागतील हे मला माहीत नाही, पण ते मी सोडणार नाही.

प्रबंधाची एक प्रत या पत्रासोबत पाठवतो आहे. ती सगळी इंग्रजीत आहे आणि बहुतेक चिन्हंच आहेत, म्हणून वाचायचा त्रास घेऊ नका. तिसरं प्रकरण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तिथे मी दोन कागद घालून ठेवले आहेत. मधली पानं तुमच्या घरात लिहिलेली आहेत. तेवढी हातात धरून पाहा.

तुमचा,
जावई